अतिकोमलाची मिरासदारी

आमच्या संगीतव्यवहारात काही वाक्यांना असा मान आहे की ती उच्चारणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही, आणि ऐकणाऱ्याने शंका काढलीच तर ती उद्धटपणात जमा होते. ‘श्रुती लिहिता येत नाही’ हे अशा वाक्यांचे शिरोमणी होय. संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ते येते, पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत येते, आणि दरबारीचा गांधार व बागेश्रीचा गांधार या दोघांच्या पायाखाली वहीत एकच आडवी रेघ का, असे विचारण्याचे धारिष्ट एखाद्या विद्यार्थ्याने केले, तर त्याला गप्प करण्यासाठी तेच वाक्य किंचित डोळे मिटून पुन्हा येते. डोळे मिटणे हा या युक्तिवादाचा आवश्यक भाग असावा. कारण उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्याच पुस्तकाच्या त्याच पानावर, दरबारीच्या रागमाहितीत, ‘गांधार अतिकोमल व आंदोलित’ असे स्वच्छ छापलेले असते. जी गोष्ट लिहिता येत नाही ती वर शब्दांत लिहिली आहे, आणि खाली बंदिशीच्या स्वरलिपीत मात्र ती लिहिण्यास मनाई आहे.

प्रतिपक्षावर अन्याय नको, म्हणून त्याचे म्हणणे मी त्याच्या संपूर्ण इतमामासह मांडतो. सूक्ष्म स्वर हा अनुभूतीचा विषय आहे, कागदाचा नव्हे. तो गुरूच्या कंठातून शिष्याच्या कानात उतरतो, आणि त्याला चिन्हात कोंडले की त्याचा प्राण जातो. भातखंड्यांसारख्या प्रकांड पंडिताने जी वाट टाळली त्या वाटेला जाण्याचे इतरांना कारण नाही. यंत्राने मोजून पाहावे तर एकच गवई एकाच मैफलीत एकच गांधार दोन ठिकाणी लावतो. मग खूण कोणत्या जागेला द्यायची? शिवाय आता ध्वनिमुद्रण हाताशी असताना खुणांची मातब्बरी ती काय? आणि सरतेशेवटी, स्वरांच्या डोक्यावर बाण काढत बसणे हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे. इतकी सगळी कारणे एका जागी आली की मला नेहमी वाटते, यातले एकही पुरेसे नसावे. पुरेसे असते तर बाकीच्यांना बोलावणे धाडावे लागले नसते.

हा वाद मी भिवंडीत बसून घालतो आहे, याला कारण आहे. आमचे गाव यंत्रमागांचे. दिवसपाळी आणि रातपाळी यांच्यामधला फरक येथे आवाजाने कळत नाही. तरीही या गावाला कान नाही असे कोणी म्हणू नये: शहरात कव्वालीचे आणि मुशायऱ्यांचे रसिक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि भोवतालच्या आगरी गावांतून भजनी मंडळांचे बुवा काळी चारला स्वर धरून रात्र जागवतात. येथे कमी आहे ती गुरुगृहाची. बारा वर्षे उस्तादाच्या ओसरीवर राहून विद्या घ्यावी, अशी चैन माग चालविणाऱ्याच्या, गोदामात हिशेब लिहिणाऱ्याच्या वा नाक्यावर दुकान थाटलेल्याच्या मुलाला कोठून परवडणार? तो आठवड्यातून एकदा कल्याणला किंवा ठाण्याला क्लासला जातो, आणि उरलेले सहा दिवस त्याचे गुरू तीन: क्रमिक पुस्तक, घरची पेटी आणि मोबाइलमधला तानपुरा. त्यांपैकी तानपुरा खरे बोलतो, पण थोडके; पेटी पुष्कळ बोलते, पण बारा पट्ट्यांपलीकडचे तिला ठाऊक नाही; आणि पुस्तक पेटीचीच री ओढते.

ही री कशी ओढली जाते ते नीट पाहण्यासारखे आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने स्वरांतरे मोजण्यासाठी सप्तकाचे १२०० भाग कल्पिले. त्या एकेका भागाला सेंट म्हणतात. पेटीच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये असे बरोबर शंभर सेंट असतात, म्हणून तिचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो तो मात्र सुमारे ३८६ वर असतो. चौदा सेंटचे हे अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. जुळलेल्या तानपुऱ्याशेजारी पेटीचा गांधार दाबून धरा, म्हणजे ते किती क्षुल्लक आहे ते कळेल. कोमल गांधाराचे तेच. शास्त्रकारांच्या हिशेबाने त्याच्या दोन जागा सांगतात, एक सुमारे २९४ वर आणि दुसरी सुमारे ३१६ वर. पेटी ३०० वर बसून दोघांनाही नमस्कार करते. आणि दरबारीचा गांधार तर यातल्या खालच्या जागेपेक्षाही खाली झुकून झुलतो असे जाणकार गवई सांगतात. शिक्षक विद्यार्थ्याला बजावतात, ‘पेटीवर विसंबू नकोस’. आणि वहीत जी लिपी लिहून घेतात तिच्यात पेटीच्या बारा पट्ट्यांखेरीज तेरावी पट्टी नाही. मग त्याने विसंबावे तरी कशावर?

आता ‘लिहिता येत नाही’ या मुख्य आक्षेपाकडे वळू. याचा अर्थ काय? खुणेतून प्रत्यक्ष नाद निघत नाही, एवढाच अर्थ असेल तर तो ‘ग’ या अक्षराबद्दलही तितकाच खरा आहे, आणि ‘षड्ज’ या शब्दाबद्दलही. खूण स्वराची नेमकी उंची सांगत नाही, असा अर्थ असेल तर भातखंडे पद्धतीतली कोमलाची आडवी रेघ कोणती नेमकी उंची सांगते? मींड दाखवणारी कमान एवढेच म्हणते की या स्वरावरून त्या स्वरापर्यंत घसरत जा; वाटेत कोठे रेंगाळावे, कोठे झटकन निसटावे, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. कण म्हणून स्वराच्या डोक्यावर लहान अक्षर बसते. तो कण किती क्षणांचा आणि किती दाबाचा, हे कोठे लिहिलेले असते? कंसात टाकलेला पंचम पाहून विद्यार्थी चार स्वरांचा खटका घेतो, तो कंसाने शिकवला म्हणून नव्हे, कंसाने आठवण दिली म्हणून. या सगळ्या अपुऱ्या, मुक्या, संकेतमात्र खुणा आम्ही शंभर वर्षे बिनतक्रार वापरल्या आणि त्यांच्या अपुरेपणाने मींड मेली नाही की कण वाळला नाही. मग एकट्या अतिकोमलाकडूनच संपूर्ण पुराव्याची मागणी का? त्यानेच असा कोणता गुन्हा केला आहे की त्याला जामीन मिळू नये?

आमच्या गावात कापडाची नक्षी मागावर चढण्यापूर्वी चौकटीच्या कागदावर उतरते. भरलेला चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. बस, एवढीच ती भाषा. धाग्याला पीळ किती, ताण किती, दमट हवेत तो कसा वागेल, यांतले काहीही त्या कागदावर नसते, कारण ते कारागिराच्या बोटांना ठाऊक असते. एवढ्यावरून ‘कापड कागदावर उतरत नाही’ असे तत्त्वज्ञान सांगून नक्षीचा कागद फाडणारा मास्तर मी तरी पाहिलेला नाही.

गुरुमुखाचा मुद्दा अधिक आदराने घ्यायला हवा, आणि म्हणूनच त्याची तपासणीही अधिक कडक व्हायला हवी. या देशात सर्वांत कडकडीत गुरुमुखी विद्या कोणती? वेदपठण. एका स्वराच्या चुकीने अनर्थ ओढवतो, अशी जिच्याबद्दल श्रद्धा, ती विद्या. तिने काय केले? ऋग्वेदाची छापील संहिता उघडा: अनुदात्ताच्या अक्षराखाली आडवी रेघ आहे, स्वरिताच्या डोक्यावर उभी रेघ आहे. सामवेदाच्या पोथीत तर अक्षरांच्या डोक्यावर आकडे बसले आहेत. (भातखंडे पद्धतीतली कोमलाची रेघ खाली आडवी आणि तीव्र मध्यमाची वर उभी, हे साम्य योगायोगाचे की जाणूनबुजून आणलेले, हा निकाल मी देत नाही, पण आपल्या डोळ्यांना त्या खुणा परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण तेथे असावे.) ज्यांनी पाठशाळेत तोंडी विद्येचा कळस केला, त्यांनाच खुणांचा विटाळ झाला नाही, तो झाला आम्हांला, ज्यांच्या तोंडी परंपरेला शनिवार-रविवारपुरतीच सवड आहे.

त्या वैदिक खुणांतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ऋग्वेदात अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्ताची. शतपथ ब्राह्मणाच्या पोथ्यांत मात्र तीच रेघ उदात्ताची. खूण तीच, अर्थ उलटा, आणि दोन्ही परंपरा शाबूत. आमच्या स्वरलिप्यांचेही तेच आहे: स्वराच्या डोक्यावरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तकाचे, तर विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाचे. या एका टिंबाने महाराष्ट्रात किती गळे बिघडले? एकही नाही. कारण खुणेचा अर्थ खुणेत नसतो, ती वापरणाऱ्यांच्या करारनाम्यात असतो. मग अतिकोमलासाठी तसा करार करण्यात अडचण तंत्राची नाही. अडचण आहे ती इच्छेची.

येथे प्रतिपक्ष आपला हुकमी एक्का काढतो: भातखंडे. तेव्हा इतिहासात शिरणे भाग आहे. मुलकी खात्यातून निवृत्त झालेले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य घेऊन, बावीस श्रुतींची प्रमाणे मांडणारे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले. सनदी सेवेतले क्लेमेंट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी १९१३ मध्ये स्वतःचे पुस्तक काढले आणि पाश्चात्त्य पंचरेषी लिपीत जादा खुणा घालून श्रुती लिहिण्याचा घाट घातला. श्रुतींच्या पट्ट्या असलेली पेटीही इंग्लंडात बनवून घेण्यात आली. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास जी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे या पेटीवर खडाजंगी झाली, आणि भातखंड्यांना व बड्या गवयांना ती मानवली नाही. तेव्हापासून या प्रसंगाचा दाखला असा दिला जातो की जणू बडोद्याच्या त्या दरबारात सूक्ष्म स्वरांच्या खुणांवर कायमची डिक्री झाली आणि अपिलाची मुदतही निघून गेली.

पण भातखंडे मुळात वकील. नाकारलेला दावा आणि न केलेला दावा यांतला भेद त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळत होता. बडोद्यास त्यांनी नाकारली ती बावीस अपूर्णांकांची पक्की जंत्री, आणि ती जंत्री लाकडात आणि पितळी जिभल्यांत ठोकून ‘हेच भारतीय संगीत’ म्हणण्याचा आग्रह. तो नाकारण्यात त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. देवल-क्लेमेंट्स यांनी मोजण्यात जितकी मेहनत घेतली तितकीच घाई निष्कर्षात केली, आणि बावीस घरांत कायमचे बसविलेले स्वर हे बारा घरांतल्या स्वरांइतकेच बंदिस्त असतात. मात्र ‘या गांधाराला जरा खाली धर’ एवढे सांगणारी साधी खूण त्या पेटीत नव्हतीच. मग तिच्यावर निकाल लागला कधी? आणि भातखंड्यांचे मुख्य सूत्र कोणते? त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ आहे: लक्ष्य, म्हणजे आज प्रत्यक्षात जे गायिले जाते ते, पोथीतल्या लक्षणापेक्षा वरचढ. हे सूत्र मानायचे, तर आजच्या गायकांत अतिकोमल, उतरलेला, चढा हे शब्द सर्रास बोलले जातात की नाही? भैरवाच्या रिषभाला गुरू ‘खाली, अजून खाली’ म्हणतात की नाही? तोडीचा गांधार पेटीच्या पट्टीवर नेऊन ठेवणाऱ्याचे कान पिरगळले जातात की नाही? मारव्याचा रिषभ चढा लावावा असे पुष्कळ गवई सांगतात की नाही? मग लक्ष्य स्पष्ट आहे, फक्त लिपी गप्प आहे. भातखंड्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांचे सूत्र सोडून त्यांची शंभर वर्षांपूर्वीची सावधगिरी तेवढी जतन केली, आणि या जतनाला निष्ठा असे नाव दिले.

शिवाय हे विसरले जाते की भातखंडे जेव्हा घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करत हिंडत होते, तेव्हा बंदिश कागदावर उतरणे हेच अनेकांना अपशकुनासारखे वाटत होते. चीज लिहिली की गेली, घराण्याची तिजोरी फुटली, ही ओरड त्या वेळची. त्यांनी ती मानली असती तर क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आज कोणाच्या हाती लागले असते? ‘लिहिता येत नाही’ या वाक्याविरुद्ध ज्या माणसाने हयात घालवली, त्यालाच त्या वाक्याचा साक्षीदार म्हणून उभे करायचे, ही वकिलीतही न शोभणारी करामत आहे.

थोडे मागे गेले तर भरतमुनीच भेटतात. नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या श्रुती चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा वाटून दिल्या आहेत, आणि एक श्रुती म्हणजे किती हे सांगण्यासाठी दोन सारख्या वीणा घेऊन एकीचा पंचम किंचित उतरवायला सांगितले आहे. आजच्या गणिताने काही पंडित त्या अंतराला २१.५ सेंटच्या आसपास बसवतात. भरताने आकडा दिलेला नाही. त्याने आज्ञा दिली: एवढा उतरव, की तो मध्यमग्रामाचा पंचम होईल. ही आज्ञा सापेक्ष आहे, कानाने पाळायची आहे, आणि तरीही ती शास्त्रात शब्दबद्ध आहे. उतरव म्हणणे एवढे जुने असेल, तर उतरव म्हणणारी खूण एवढी नवी आणि भयंकर कशी?

मोजमापाचा आक्षेप आधुनिक म्हणून दबदबा राखून आहे. नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा कलावंताकलावंतांत तर फरक आढळलाच, पण एकाच कलावंताच्या एकाच वादनातही स्वर हलताना दिसला. यावरून सूक्ष्म खुणा निरर्थक ठरतात, असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. ठीक आहे, पण मग अर्ध्या वाटेवर थांबायचे कारण काय? कोमल गांधारही हलतो, म्हणून कोमलाची रेघ पुसा. शुद्ध निषादही हलतो, म्हणून ‘नि’ खोडा. तालाची मात्राही विलंबितात हलते, म्हणून मात्रा मोडीत काढा; आणि शेवटी कोरा कागद विद्यार्थ्याच्या हाती देऊन सांगा की हे शास्त्रोक्त आहे. खूण म्हणजे मोजपट्टी, हा या आक्षेपाचा पाया. आणि तो पाया आमच्या कोणत्याच खुणेखाली नाही. दरबारीचा गांधार हलतो हे खरे. पण तो बागेश्रीच्या गांधाराच्या जागी जाऊन बसत नाही, हेही गवयाला खरे वाटते, आणि खुणेला एवढाच भेद पुरतो.

परदेशात काय घडले ते पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. तुर्कस्तानात आरेल, एझगी आणि उझदिलेक यांच्या नावाने चालणारी पद्धत पूर्ण स्वराचे नऊ बारीक भाग मानते, एका भागाने उतरलेल्या स्वराला उलटे कोमलचिन्ह देते, चार-पाच भागांना निराळी चिन्हे देते. पद्धत नेमकी; पण उश्शाक मकामातला दुसरा स्वर वादक लिहिल्यापेक्षा खाली लावतात, आणि हे तेथे शिक्षकापासून शिष्यापर्यंत सर्वांना ठाऊक असते. चिन्ह खोटे ठरले काय? नाही, चिन्हाने जागा दाखवली, कानाने ती पुरी केली. इराणात अली नकी वझीरी यांनी कोरोन आणि सोरी अशी दोन चिन्हे रूढ केली, एक उतरवण्याचे आणि एक चढवण्याचे. त्यांच्या मनात सप्तकाचे चोवीस सारखे तुकडे होते. वादकांनी तुकडे बाजूला ठेवले आणि चिन्हे ठेवली. आज कोरोन पाहून वादक किती उतरायचे ते दस्तगाहाप्रमाणे ठरवतो. ज्यांच्या संगीतात सूक्ष्म स्वरांचा बाणा आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, त्यांनी दोन खुणांत काम भागवले. आणि आम्ही, ज्यांनी जगाला बावीस श्रुती ऐकवल्या, ते शून्य खुणांवर समाधान मानून बसलो आहोत. शेजारच्या दक्षिणेतही सुब्बराम दीक्षितरांनी १९०४ मध्ये ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’त गमकांसाठी खुणांचा संच छापून दाखवला होता, तोही पाश्चात्त्यांचे अनुकरण होता काय?

अनुकरणाच्या या आक्षेपावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही, परंतु त्यात एक विनोद आहे तो नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला स्टुडिओबाहेर काढले, आणि सुमारे तीन दशके ती बाहेरच होती. आरोप काय? ती परदेशी, तिला मींड येत नाही, तिच्या पट्ट्यांत श्रुती नाहीत. श्रुतीच्या शुद्धतेसाठी एवढी कडक हद्दपारी झाली, आणि त्याच काळात त्याच पेटीच्या बारा पट्ट्यांएवढीच मर्यादित लिपी पाठ्यपुस्तकांतून, परीक्षांतून, विद्यालयांच्या फळ्यांवरून सन्मानाने नांदत होती. वाद्य हाकलले, त्याचा नकाशा घरात ठेवला. पुढे पेटी परत आली, ठाण्या-मुंबईकडे विद्याधर ओकांसारख्यांनी बावीस श्रुतींची पेटीही करून दाखवली. वाद्य बनविणारे एवढे पुढे सरकले. पुस्तके छापणारे मात्र होते तेथेच आहेत.

राहिले ध्वनिमुद्रण. ‘आता सगळे ऐकायला मिळते, खुणा कशाला?’ असे विचारणाऱ्याने नवख्या विद्यार्थ्याशेजारी बसून त्याला एकदा दरबारी ऐकवावी. त्याला गांधार ऐकू येतो. तो निराळा आहे, हे ऐकू येईलच असे नाही. पेटीवर मुरलेला कान त्या स्वराला पेटीच्या जवळच्या पट्टीवर ओढून नेतो आणि निर्धास्त होतो, कारण वेगळे काही शोधायचे आहे अशी वर्दी त्याला कोणी दिलेलीच नसते. मुद्रण सगळे काही ऐकवते, म्हणूनच ते कशावर बोट ठेवत नाही. खूण बोट ठेवते. बंदिशीच्या तिसऱ्या ओळीत एका ‘ग’खाली निराळी रेघ दिसली की विद्यार्थी ती जागा मुद्रणात पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि दहाव्या वेळी त्याला ऐकू येते ते पहिल्या वेळी आलेले नसते. गुरू असेल तर तो त्याला नेमके प्रश्न विचारतो. गुरू नसेल तर निदान प्रश्न तरी त्याच्यापाशी असतो.

मग ही साधी गोष्ट अडते कोठे? मला वाटते, ती अडते मालकीत. अतिकोमल स्वर ही आमच्याकडे एक मिरासदारी झाली आहे. ज्यांना ती वंशपरंपरेने वा शिष्यपरंपरेने लाभली त्यांनी ती सनदेसारखी जपावी, तिच्या गूढतेवर आपला मान राखावा, आणि बाहेरच्याने विचारले तर ‘ते सांगण्यासारखे नाही’ म्हणावे. गूढता खरी असती तर मी नमस्कार केला असता. पण जो स्वर गुरू रोज संध्याकाळी ‘जरा खाली’ या दोन शब्दांत शिकवतो, तो गूढ कसा? दोन शब्दांत जे मावते ते एका रेघेत मावत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? परीक्षा-मंडळांचा कारभार तर याहून मजेचा. शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने बंदिश स्वरलिपीत लिहायची, त्याच उत्तरपत्रिकेत ‘दरबारीत गांधार अतिकोमल लागतो’ असेही लिहायचे, आणि पहिल्या उत्तरात दुसऱ्या उत्तराचा मागमूस दिसू द्यायचा नाही. प्रत्यक्ष परीक्षेत परीक्षक त्याच गांधारावर बोट ठेवून गुण कापतात. न लिहिलेल्या कलमाखाली शिक्षा ठोठावणारी ही अदालत कोणत्या दिवाणीत बसते?

माझी मागणी बावीस चिन्हांची नाही; ती कोणी केली तर तिच्याविरुद्धही मी लिहीन. मला दोन हवीत. छापखान्यात सुटलेला शब्द आत घेण्यासाठी जे काकपद वापरतात ते प्रत्येक टंकात आहे: स्वराच्या डोक्यावर काकपद म्हणजे चढा, स्वराच्या पायाशी उलटे काकपद म्हणजे उतरता. कोमलाची रेघ जेथे आहे तेथे राहील. तिच्याखाली उलटे काकपद आले की अतिकोमल झाला. ते भातखंडे पद्धतीत बसते, पलुस्कर पद्धतीतही बसते, वहीत पेन्सिलीने काढता येते, आणि त्याला यंत्रही लागत नाही की सेंटही लागत नाहीत. किती उतरायचे, ते राग सांगेल आणि तानपुरा सांगेल. ज्या घराण्यात एखादा स्वर उतरत नाही, तेथे ती खूण वगळावी. मतभेद छापील दिसला तर त्यावर बोलता तरी येईल, आज तो नुसता कुजबुजतो. दरबारी, तोडी, भैरव, श्री, मारवा यांच्या बंदिशींपासून आरंभ करावा, आणि पुढच्या आवृत्तीत त्या या दोन खुणांसह छापाव्यात.

पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांना आणि परीक्षा घेणाऱ्यांना हे मान्य नसेल, तर त्यांच्यापुढे दुसरा रस्ता मोकळा आहे, आणि तो सुसंगत आहे एवढे मी कबूल करीन: रागमाहितीतून ‘अतिकोमल’ हा शब्द खोडावा, प्रश्नपत्रिकेतून तो काढावा, आणि भिवंडीच्या मुलाने दरबारीचा गांधार पेटीच्या पट्टीवर नेऊन ठेवला तर त्याचा एकही गुण कापू नये.